पाटीवरचं इंग्रजी

आई, आज वर्गात मागच्या बाकावरच्या एका मुलीने माझं बोलणं काचेच्या पाटीवर उतरवून घेतलं. अक्षर घाईचं, अर्धंमुर्धं, ओळी खाली घसरलेल्या. तास संपल्यावर ती पाटी घेऊन माझ्याकडे आली. तिने एका ठिकाणी बोट टेकवलं आणि ते सगळं सरळ, छापील मराठी झालं. "कसंही लिहा मॅडम, त्याला कळतं," ती म्हणाली. मी छान म्हणाले आणि खाली स्टाफरूममध्ये येऊन बसले. पुढचा तास मी घेतला नाही. परीक्षेतल्या उरलेल्या कोऱ्या पुरवण्या समोर पडल्या होत्या, त्यांच्यावर हे लिहिते आहे.

तुझी पाटी राखाडी होती, तळहातात मावणारी. वरच्या मजल्यावर अमरावतीकडची मुलगी भाड्याने राहायची, कंपनीत कामाला जायची, ही पाटी मूळची तिची. तिच्या भावाने परदेशातून आणून दिलेली. ती तिला ऑर्गनायझर म्हणायची. तू पहिल्याच दिवशी पाटी म्हणालीस, कारण तिच्यावर लिहायला पेन्सिलीसारखी काडी होती, आणि मग घरात सगळे पाटीच म्हणू लागले. त्या मुलीने नवा मोबाइल घेतला, लग्न ठरलं, खोली सोडताना तिने ती तुझ्या हातात ठेवली. त्याआधी महिनाभर ती तुला शिकवत होती. ओट्याशी तुम्ही दोघी. तुझे हात भाकरीच्या पिठाचे, ते पदराला पुसून तू काडी धरतेस. पाटीला मराठी येत नाही, इंग्रजी येतं, आणि तेही तिच्या पद्धतीने काढलेलं. प्रत्येक अक्षर एका दमात काढायचं. ए म्हणजे नुसतं छप्पर, मधली आडवी रेघ नाही. टी म्हणजे वरची रेघ आणि तिच्या उजव्या टोकाला खाली लोंबणारी दुसरी. मोठं अक्षर हवं असेल तर आधी खालून वर एक उभी रेघ. दोन शब्दांत जागा सोडायची तर डावीकडून उजवीकडे आडवी रेघ. चुकलं तर तीच रेघ उलट, उजवीकडून डावीकडे, की मागचं अक्षर पुसलं जाई.

"काकू, हात नोका उचलू. एका झटक्यात काढा."

"अगं काढलं की. ही मेली घेत न्हाई."

"घेते, घेते. तुम्ही तिले घाबरून राहिल्या. भाकरी थापता तशा काढा ना बिनधास्त."

"भाकरीला कुनी वाचतंय व्हय?"

मी रविवारी आपल्या गावी, जांब्याला, यायचे तेव्हा हे ऐकायचे. मी तेव्हा पुण्यात राहत होते, प्रबंध लिहीत होते आणि आठवड्यातून तीन दिवस लवळ्याच्या टेकडीवरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. तुम्हा दोघींचं चाललेलं मला गोड वाटायचं. गोड वाटणं म्हणजे लक्ष देणं नव्हे, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

तू त्या पाटीवर जे ठेवायचीस ते मी पाहिलं आहे. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत. दूध. टाकीचं पाणी. गॅसचा नंबर लावणे. तीन नंबर खोलीच्या पोराला सांगणे, गच्चीवर बूट ठेवू नको. प्रत्येक ओळीपुढे एक चौकोन असायचा आणि काम झालं की तू त्यात काडी टेकवायचीस, खूण उमटायची. ती खूण करताना तुझा चेहरा कसा व्हायचा ते मला आत्ता दिसतं. आपली भातखाचरं जाऊन तेव्हा चार वर्षं झाली असतील. रस्ता आला, आयटी पार्कची फेज आली, खाचरांच्या जागी भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. दादांना आणि भावाला, दोघा बापलेकांना, त्या खोल्यांनी काम दिलं. तुझं काम मात्र गेलं. लावणीला पहाटे सगळ्या बायकांच्या पुढे असणारी तू दुपारी दोन वाजता ओट्याशी उभी राहून विचारायचीस, आता काय करू? मी म्हणायचे, आराम कर. सगळे हेच म्हणायचे.

म्हणून लवळ्याला मुलींच्या वसतिगृहात मदतनीस बाई हवी आहे हे मी जेवताना सहज बोलले, आणि तुझा घास हातात राहिला. काम साधं होतं. दारावर बसायचं, मुली बाहेर जाताना आणि परत येताना त्यांची नावं आणि वेळ रजिस्टरमध्ये इंग्रजीत लिहायची, कारण मुली सगळीकडच्या. दादा हसले. "दारात भाडेकरू सलाम करत्यात, आन मालकीण चालली पोरींची राखन कराया."

तू त्यांच्याकडे पाहिलं नाहीस. माझ्याकडे पाहून म्हणालीस, "पगार नसला तरी चालंल मला. पर कुनीतरी म्हनलं पायजे, उद्या वेळेवर या."

"पण लिहायला लागतं गं इंग्रजी."

"मला येतं की लिवता. थांब, दावते."

तू पाटी आणलीस आणि माझं नाव लिहिलंस, आडनावासकट. मी पडद्यावर पाहिलं. काळी, स्वच्छ, बिनचूक अक्षरं. "येतं की तुला!" मी म्हणाले. या तीन शब्दांवर तू नऊवारीची घडी मोडलीस, डोक्याला तेल लावलंस आणि सोमवारी माझ्याबरोबर निघालीस. मी पडद्यावर पाहिलं. तुझ्या हाताकडे पाहिलं नाही.

वसतिगृहाच्या रेक्टर बाई माझ्या ओळखीच्या होत्या, पुण्याच्या, चांगल्या बाई. त्यांनी तुला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मग कागद आणि पेन पुढे करून चार मुलींची नावं सांगितली. तू पेन घट्ट धरलंस. मी खिडकीतून खाली कॅन्टीनकडे बघत होते. बऱ्याच वेळाने रेक्टर बाई म्हणाल्या, "मावशी, इंग्लिशमध्ये लिहायचंय."

"इंग्लिशच हाय की."

मी वळले. कागदावर छपरं होती, लोंबणाऱ्या रेघा होत्या, प्रत्येक नावाआधी एक उभी काठी, नाव आणि आडनाव यांच्यामध्ये आडवी रेघ. तिसऱ्या नावात तुझं एक अक्षर चुकलं होतं. तुझ्या हाताने सवयीने उजवीकडून डावीकडे रेघ मारली. अक्षर तिथेच राहिलं. तू थांबलीस, पेन उचललंस, कागदाकडे बघत राहिलीस. मला वाटतं, त्या क्षणी तुला सगळं कळलं होतं. आम्हा दोघींच्या आधी.

रेक्टर बाई मला म्हणाल्या, "तुम्ही तर म्हणाला होतात येतं म्हणून."

"येतं तिला. म्हणजे, त्याच्यावर येतं."

तू पिशवीतून पाटी काढलीस. एक नाव लिहिलंस आणि पडदा त्यांच्यापुढे धरलास. त्यांनी चष्मा वर करून वाचलं. "अरे वा. हे अगदी बरोबर आहे." मग म्हणाल्या, "पण मावशी, आमचं रजिस्टर कागदाचं आहे हो."

"मग ह्यावर ठिवते की तुमचं रजिष्टर. हरवायचं न्हाई."

"मुलींच्या सह्या लागतात ना त्यावर."

त्या हसल्या, पण वाईट नाही. तूही हसलीस. त्या म्हणाल्या, आता सुट्ट्या लागतील, दिवाळी झाल्यावर मुली परत येतील, तोपर्यंत जागा कुणाला देत नाही, तेवढ्यात कागदावरची अक्षरं बसवून या. अक्षरं थोडीच असतात, त्या म्हणाल्या, आणि घरातच मास्तरीण आहे.

परत येताना सहा सीटर रिक्षात आपण मागे बसलो होतो. नांदे गाव मागे पडलं. मग सांगितलंस. जमीन विकताना पेटीतले जुने कागद निघाले होते, मोडीतले, आणि ते वाचायला पुण्याहून एक गृहस्थ आले होते. त्यांनी वळणावळणाचं वाचून शेजारी दुसऱ्या कागदावर बाळबोध लिहून काढलं होतं. "तवा कळलं, हाताचं येगळं असतंय आन छापायचं येगळं. मला वाटलं इंग्रजीचं बी तसंच. ती पोरगी दावती ते हाताचं, पाटी दावती ते छापायचं. तुजं अक्षर तरी कुटं छापल्यावानी हाय?" माझं इंग्रजी अक्षर जोडून काढलेलं, लपेटीचं. त्यातलं एकही अक्षर छापील अक्षरासारखं दिसत नसे. तुझ्या तर्कात मला आजही चूक काढता येत नाही. रिक्षा खड्ड्यांतून चालली होती आणि तू पाटी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होतीस.

त्यानंतर तू हिंजवडीच्या चौकातून मुलांचं अंकलिपीचं पुस्तक आणलंस, सफरचंदाचं चित्र असलेलं. भावाने त्यावरून काय काय म्हटलं ते सांगत नाही. तू मला फोन केलास. मी प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात होते.

"ए काढताना हात उचलायचा का?"

"काय?"

"छपराला मधली दांडी हाय न्हवं. ती काढाया हात उचलायचा, का तसंच फिरवून आनायचं? पुस्तकात नुसतं चित्तार हाय. सुरू कुटनं करायचं ते लिवलंच न्हाई."

"उचलायचा. रविवारी आले की दाखवते सगळं."

"ये मग. रविवारी."

त्या रविवारी मार्गदर्शकांनी बोलावलं. पुढच्या रविवारी मी आले, पण घरात पाहुणे होते आणि तू पुऱ्या तळत होतीस. तू कढईपाशी उभी राहून हवेत बोटाने काहीतरी काढत विचारलंस, "ई ला किती येळा उचलायचा?" मी म्हणाले जेवण झाल्यावर बसू. जेवण झाल्यावर तू भांडी घेतलीस आणि मी वर एका रिकाम्या खोलीत जाऊन वाचत पडले. दिवाळीला मी दोन दिवस होते. भाऊबीजेच्या दुपारी अंकलिपी माझ्या उशाशी ठेवलेली होती, वर पेन्सिल, टोक काढलेली. मला जाग आली तेव्हा शेवटच्या बसची वेळ होत होती. तू फराळाचा डबा बांधून दिलास. पुस्तकाचं नाव काढलं नाहीस. मी म्हणाले, पुढच्या वेळी नक्की. तू म्हणालीस, "हां. जा आता, गाडी जाईल."

वसतिगृह उघडलं. आठवड्यातले तिन्ही दिवस मी त्या फाटकावरून जात होते. रेक्टर बाईंनी एकदा विचारलं, आई येणार आहेत ना? येणार, मी म्हणाले. तू आली नाहीस. पुढे तिथे दुसरी एक बाई बसू लागली, लवळ्याचीच, दहावी झालेली. ती मला नमस्कार करायची.

त्याच थंडीत केव्हातरी मी आले तर दादा टीव्ही लावून बसले होते. रिमोटचे सेल संपले होते म्हणून तू पाटीतले काढून त्यात घातले होते. सेल काढले की थोड्या वेळात सगळं लिहिलेलं जातं, हे त्या अमरावतीच्या मुलीने तुला बजावून सांगितलं होतं. तुझ्या ते लक्षात होतं. मी विचारलं, पाटी? "बंद पडली," तू म्हणालीस आणि लसूण सोलत राहिलीस. मी तिथे बसले आणि तुझ्याबरोबर लसूण सोलला. आपण कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोललो.

मग मला कोल्हापूरला नोकरी लागली. तिसऱ्या वर्षी तुझ्या काविळीचा फोन आला, आणि मी पोचले तेव्हा तू माणसं ओळखत नव्हतीस. आता पुन्हा याच टेकडीवर शिकवते. जांब्यातल्या आपल्या खोल्यांवर आणखी दोन मजले चढले आहेत. भाऊ बघतो. वसतिगृहाच्या दारावर आता मुली अंगठा टेकवून आत जातात, कुणी काही लिहीत नाही. आज त्या मुलीची पाटी पाहिल्यावर माझ्या मनात आधी हेच आलं की तू थोडी उशिरा जन्मली असतीस तर बरं झालं असतं. सोयीचा विचार आहे. त्यात सगळा दोष यंत्राचा होतो. तू त्या यंत्राची अक्षरं महिनाभरात शिकलीस, चाळिशी ओलांडल्यावर, पिठाच्या हातांनी, आणि खोली सोडून निघालेल्या परक्या मुलीला तुझ्याजवळ बसायला वेळ होता. कागदाची अक्षरं राहिली होती. ती शिकायला तुला एक दुपार पुरली असती, आणि ती तू माझ्याकडे मागितली होतीस.

हे वाचायला तुला अडचण आली नसती. मराठी तू भरभर वाचायचीस, ओठ हलवत. म्हणून शेवटचं नीट अक्षरात लिहिते. गेली अनेक वर्षं मी स्वतःशी म्हणत आले आहे की आई लवकर गेली, नाहीतर मी तिला शिकवलं असतं. पण तू लगेच गेली नाहीस, आई. दिवाळीनंतर तू आणखी तीन वर्षं होतीस, मी सुट्टीला येत होते, आणि आपण लसूण सोलत होतो. तू आजपर्यंत असतीस तरी मी एखाद्या रविवारी कागद घेऊन तुझ्याशेजारी बसले असते, असं मला म्हणता येत नाही.