चुन्याखालचं नाव

५ जानेवारी १९४५, शुक्रवार
शाळेला आठवड्याची सुट्टी. पाद्रीसाहेबांकडे जाऊन चर्चची जुनी वही एकदाची पाहिली. आजोबांची नोंद सापडली! 'जोनस. ओहायो, अमेरिका. कापसाच्या यंत्राचा मिस्त्री.' पुढं आजीशी लग्न, आत्याचा जन्म, मग माझ्या बाबांचा. शेवटी निराळ्या शाईत: 'मोठ्या दुष्काळात तेरकडे गेला. परत नाही.' बस्स.

घरी येऊन आत्याला वाचून दाखवलं. डाळ निवडत होती. मान वर केली नाही.
"परत न्हाय, ते मला ठावं हाय. त्याला वही कशाला पायजे?"

दहा वर्षांची असल्यापासून तिनं एकच ऐकलंय: गोरा बायकोपोरं टाकून पळाला, अमेरिकेत त्याची पहिली बायको होती. आता अठ्ठ्याहत्तर. बापाचा विषय निघाला की उठून जाते. ती आहे तोवर मला छडा लावायचाच आहे. पळाला की मेला.

९ जाने.
शाळेचा शिपाई तेरचा. सहज विचारलं, तर म्हणतो, "आमच्या शिवारात गोऱ्या बाबाची समाधी हाय की, बाई. हुरड्याची पयली मूठ तिथंच ठिवत्यात."
इतकी वर्षं हाकेच्या अंतरावर, आणि आम्ही अमेरिकेच्या नावानं बोटं मोडत बसलो!

१२ जाने., शुक्र.
तेर. युद्धामुळे पेट्रोल नाही; कोळशावर चालणारी मोटार दोनदा बंद. शेवटी पायी. चपलेचा अंगठा तुटला.

समाधी विहिरीच्या काठाला. चाँदभाई राखतात, साठीचे, शेत तिथंच. त्यांच्या आजानं सांगितलेलं: दुष्काळात एक गोरा आला, लोकांना घेऊन विहीर खणली, पाणी लागल्यावर म्हणाला, सगळ्यांनी भरायचं, कुणाला मनाई न्हाय. त्याच पाण्यापाशी पटकीनं गेला. नाव? "बाबाच म्हनतो आमी."

आजही तिथं सगळ्या जातींचे घडे. हा माझा आजोबा असेल तर...

पण वाचायचं कसं? दगडावर अक्षरं आहेत म्हणे. मात्र दरसाल हुरड्याला घरटी एक हात चुना. चार बोटं जाड थर, दगड पार गुळगुळीत. प्रेमानं नाव बुजवून टाकलंय या लोकांनी! त्याची लेक घरी आहे, माझी आत्या, हे सांगून खरवडू का विचारलं.
"बापजाद्यांचा हात हाय त्यात, बाई. न्हाय जमायचं."
मी चिडले, नको ते बोलले. त्यांनी मुकाट्यानं चहा दिला.

१३ जाने.
आत्याला सगळं सांगितलं. तिनं विचारलं एवढंच, "पानी हाय का अजून हिरीला?"
आहे म्हटलं.

२० जाने.
चाँदभाई बाजाराला आले होते, घर हुडकत आले. हुरडा आणला. गावातल्या जुन्या माणसांना विचारून आलेत. "लेक सोता आली आन् म्हनली, तर खरवडू. लेकीचा हक हाय." मागच्या बोलण्याची माफी मागितली तर हसले. असा माणूस मी पाहिला नाही.

२६ जाने., शुक्र.
आत्याला बैलगाडीनं नेलं. चाँदभाईंनी ओलं पोतं टाकून चुना मऊ करून ठेवलेला. हातात खुरपं. पाच-सहा बायामाणसं उभी.
"म्हना, आजी. लावू का हात?"
आत्यानं आधी विहिरीचं पाणी मागितलं. प्यायली. दगडावरून तळवा फिरवला. मग म्हणाली, "नगं."
मला राग आवरेना. आत्या, वेड लागलं का तुम्हाला? त्याच्यासाठीच तर आलो ना?
"आन् दुसऱ्याचंच नाव निघालं, तर? म्या कुनाकडं जाऊ मग?"
तिनं चुन्याची बादली ओढली, कुंचला घेतला आणि ओल्या थरावर आपला एक हात मारला. कोपरापर्यंत पांढरी झाली.
परतताना मी तिच्याशी बोलले नाही.

२८ जाने., रवि.
चर्चबाहेर बायकांनी आत्याला विचारलं, शुक्रवारी कुठं गेला होता? हीच मंडळी तिला 'पळालेल्याची' म्हणत आली.
आत्या ताठ उभी राहिली. मोठ्यानं म्हणाली, "बापाकडं गेलते."
असा तिचा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

चाँदभाईंनी परवा निघताना मला बाजूला घेऊन सांगितलंय, तुम्ही नात आहात, तुमचाही हक आहे, कवाबी या. पुढच्या शुक्रवारी सुट्टी आहे. जावं आणि नाव दुसरंच निघालं, तर आत्याचा हा आवाज जाईल की काय याची भीती. न जावं, तर पळाला की मेला, हे मला कधीच कळायचं नाही.