गुडघा कुणाचा, विचारलं कुणाला

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (उजव्या गुडघ्याने संप पुकारल्यामुळे तूर्त सातच अंगांनी. आठवं मनाने घालतो आहे.) तब्येत कशी आहे? जेवण जातं का? पोट अधूनमधून दुखतं म्हणाली होतीस, ते आता कसं आहे? आम्ही मजेत. तुझी भावजय ठणठणीत आहे आणि मला लंगडताना पाहून आणखीच ठणठणीत होते आहे.

तुला ठाऊकच आहे, अर्धं आयुष्य मी लोकांना मोटार शिकवत त्यांच्या शेजारी बसून काढलं. माझ्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. माझी विद्या म्हण, अब्रू म्हण, सगळी त्या ब्रेकवर. शिकणारा गडबडला की मी तो दाबायचा. हल्ली दाबताना गुडघ्यातून अशी कळ जाते की शिकणाऱ्याच्या आधी मीच ‘आई गं’ म्हणतो. शेवटी हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाईंनी एक्स-रे पाहिला, गुडघा हलवून बघितला, झीज झाली आहे म्हणाल्या. मी नेहमीप्रमाणे हात जोडून म्हटलं, तुम्ही सांगाल ते. तर त्या खुर्ची पुढे ओढून मलाच विचारतात, ‘तुम्हाला काय वाटतं?’ मला काय वाटणार? मला वाटलं, बाईंना येत नसावं. मी भिंतीवरची सर्टिफिकिटं पुन्हा एकदा वाचून घेतली. मग त्यांनी चहा की कॉफी विचारावं तसं व्यायाम, इंजेक्शन, ऑपरेशन असं पुढे मांडलं आणि प्रत्येकातलं बरं-वाईट दोन्ही सांगितलं. (आपल्याच मालातली खोट सांगणारं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं.) एक चित्रही दाखवलं. त्यात शंभर चिमुकली माणसं. ऑपरेशनने बरं वाटलं ती हिरवी, फारसा फरक पडला नाही ती पिवळी. तुझ्या भावजयीने चष्मा लावून चित्र नीट न्याहाळलं आणि विचारलं, ‘यातले आमचे हे कोणते?’ बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘तेच आधी कुणाला सांगता येत नाही, म्हणून तर आपण बोलतोय.’ आणि मला म्हणाल्या, या गुडघ्याकडून तुम्हाला नक्की काय हवंय, ते विचार करून सांगा.

आता विचार करायची मला सवय कुठे आहे, ताई? माझा धंदा तू ठरवलास, बायको तू पसंत केलीस, चष्म्याची फ्रेमसुद्धा तू निवडलीस, आणि तिन्ही उत्तम चालली आहेत. (हे काही बायको पत्र वाचणार आहे म्हणून लिहीत नाही.) त्यामुळे विचार करण्याऐवजी मी विचारत सुटलो. न्हावी म्हणाला ऑपरेशन नको, औषधवाला म्हणाला हवंच, आणि शेजाऱ्याने त्याच्या मेहुण्याचा गुडघा इतका रंगवून सांगितला की मी माझा विसरलो. मग बँकेतल्या एक बाई गाडी शिकायला येतात, चालत्या गाडीत त्यांनाही विचारलं. त्यांच्या सासूबाईंचं ऑपरेशन झालेलं. ते त्यांनी दोन्ही हातांनी सांगायला घेतलं. स्टिअरिंगला कुणाचाच हात नाही. मी ब्रेकवर पाय टेकवला, कळ आली, पाय आपोआप मागे आला, आणि गाडी दुभाजकावर चढून ‘वाहने सावकाश हाका’ या पाटीला जाऊन भेटली. कुणाला खरचटलंही नाही. पण बाबागाडी ढकलत एक आई नुकतीच रस्ता ओलांडून पलीकडे पोचली होती. ताई, मी घाबरलो. त्यानंतर मला कुणाला काही विचारावंसं वाटेना.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं, मला डोंगर चढायचे नाहीत, मांडी घालून बसायचं नाही, दुखलं तरी सोसेन, पण ब्रेक वेळेवर दाबता आला पाहिजे. त्या म्हणाल्या, ‘हे मला एक्स-रेमध्ये दिसलं नसतं.’ मी इंजेक्शन मागितलं. त्या म्हणाल्या, कळ दबेल, पण पायात जोर व्यायामानेच येईल, आणि तो येईपर्यंत शिकाऊ माणसाशेजारी बसायचं नाही. मी बरीच घासाघीस केली, पण तिथे त्या तसूभर हटल्या नाहीत, आणि मनातून मलाही ते पटलेलंच होतं. शेवटी दोघांनी मिळून ठरवलं. तीन महिने व्यायाम. तोवर मी वर्गात फळ्यावर नियम शिकवणार, गाडीत दुसरा मास्तर बसेल. एवढं करून जोर आला नाही तर ऑपरेशन, आणि तेव्हा कुरकुर करायची नाही, कारण ठरवणाऱ्यांत मीही आहे. सध्या खुर्चीत बसून पाय वर करतो, खाली करतो. तुझी भावजय मोजते आणि मोजण्यात लबाडी करते. पण खरं सांगू? तुम्हाला काय हवंय असं विचारून कुणी उत्तराची वाट बघत बसलं, की माणूस आपोआप ताठ बसतो. मला फार बरं वाटलं.

भावोजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. लोभ आहेच, व्यायामाने तो कमी व्हायचा नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. गुडघ्याबद्दल तुझं मत कळवायची तसदी घेऊ नकोस. माझं ठरलं आहे.

आणखी ता. क. तरी कळवलंस तर वाचीन.

शेवटचा ता. क. येत्या पंधरवड्यात तुझा मुलगा तुला ‘साध्या तपासणीला’ म्हणून घेऊन जाईल. साध्या तपासणीला कुणी दोन दिवसांचे कपडे बांधून जात नाही. तुझ्या पित्ताशयात खडे आहेत आणि ऑपरेशन ठरलं आहे. पोरगा वाईट नाही, घाबरलाय. तू नाही म्हणशील अशी त्याला धास्ती आहे. आईशी फोनवर यातलं अक्षर बोलायचं नाही, अशी त्याने मला शपथ घातली आणि मी ती पाळली आहे. म्हणून हे पत्र. ऑपरेशनच योग्य असेल, मला त्यातलं काय कळतंय. पण तू डॉक्टरांसमोर बस, दुसरं काय करता येतं, काहीच नाही केलं तर काय होतं, ते विचार, आणि मग हो म्हण नाहीतर नाही म्हण. आमचं सगळ्यांचं तू ठरवलंस. तुझं मात्र तुला न विचारता ठरतंय, हे मला बघवत नाही. मामाने एवढं लांबलचक काय लिहिलंय असं त्याने विचारलं, तर सांग, गुडघ्याचं रडगाणं आहे.