पाद्री नावाच्या कासवाने माझ्यामागे कुठे राहावे याविषयी

मी, श्रीमती सालोमी विंडफोगेल, वय एकोणऐंशी, राहणार कॅलिट्झडॉर्प, विधवा, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दबावाविना (दबाव आणायला टपलेले आहेत, पण त्यांना मी पुरून उरले आहे) लिहून ठेवते की :

१. पाद्री हे माझे कासव. कायद्याने ते माझ्या मालकीचे नाही, म्हणून कोणाला देताही येत नाही. मला फक्त पाळण्याचा परवाना आहे. तो माझ्या नावावर आणि याच अंगणाच्या पत्त्यावर आहे, आणि माझ्याबरोबर संपेल.

२. म्हणून घर आणि अंगण मी शेजारी अब्सालोम फोर्टुइन यांस देते. अट एकच : त्यांनी स्वतःच्या नावावर नवा परवाना काढावा. त्यांच्या अर्जासाठी माझे संमतिपत्र सोबत जोडले आहे.

लोक विचारतील, फोर्टुइनच का? परवाना नव्हता तेव्हा वन्यजीव खात्याकडे माझी चुगली त्यानेच केली होती. तोंडावर विचारले तर म्हणतो, "केली! बिनकागदाचं उचलून नेलं असतं, तर माझ्याच दारात रडत बसली असतीस." माझा त्याच्यावर तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. तो रोज सकाळी भिंतीवरून डोकावतो आणि कासव दिसेपर्यंत हलत नाही. असला संशयी माणूसच मला हवा.

३. भाचा मर्विन याफ्ता यास काहीही नाही. नाताळात जेवायला आला आणि पाद्रीला उलटे करून चारही बाजूंनी फोटो काढत बसला. "मावशी, परदेशात अशा कासवाला लोक वाटेल ती किंमत देतात. मेलं म्हणून खात्याला कळवलं, तर बघायला कोण येतंय?" त्या मुक्या जिवासाठी मला आजही भीती वाटते.

४. मी गेल्यावर मर्विन म्हणेल, म्हातारीला भ्रम झाला होता. म्हणून साक्षीला मी त्यालाच बोलावले आहे. "तू म्हणशील तिथं सही करतो गं, मावशी!" म्हणाला. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, आणि हा वाचणारही नाही.

कॅलिट्झडॉर्प, १४ ऑगस्ट २०१९

(सही) सालोमी विंडफोगेल

वरील बाईंनी पूर्ण शुद्धीत, सर्व समजून उमजून आमच्यासमोर सही केली. त्यांच्या बुद्धीविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही.

साक्षीदार :
१. (सही) मर्विन याफ्ता
२. (सही) डोर्किया प्लाइकीस, पोस्टातील कारकून