पंचवीस सेकंदांचं मरण

मंगळवार, २२ जानेवारी १९७४

पोस्टमास्तर मेला! दोनदा मेला, आणि दोन्ही वेळा चुकला.

रतन चालवतो त्या सिनेमाच्या कॅमेऱ्याला चावी आहे. एकदा पिळली की पंचवीस सेकंद चालतो, मग थांबतो. म्हणजे मरायचं ते पंचवीस सेकंदांत. कोंडाजीआबांना हे तीनदा समजावलं. पण आबा चाळीस वर्षं चिक्कीच्या भट्टीवर पाक ढवळत आलेले, घाई म्हणजे काय ते त्यांना ठाऊकच नाही. गेणूने कागद टोचायचा खिळा त्यांच्या छातीत खुपसला (खिळा बोथट, सदऱ्याखाली पुठ्ठा). आबा आधी दचकले. मग टोपी काढून नीट टेबलावर ठेवली. मग खुर्चीला हात लावून नमस्कार केला. आणि मग कुठे कोसळायला लागले — तोवर चावी संपली!

रतन म्हणाला, आबा, टोपी असू द्या डोक्यावर. आबांचं म्हणणं, टोपीवर पडलो तर ती चेंबेल, मग ती काय तू घेऊन देणार?

रक्तही आबांनीच आणलं. गुळाचा पातळ पाक. काळ्यापांढऱ्या फिल्मवर तो रक्तापेक्षा रक्त दिसतो असं रतन म्हणतो. फक्त मेलेल्या माणसाला मुंग्या लागतात. दुसऱ्या वेळी पोस्टमास्तर मेल्यावर पाठ खाजवत होते.

बुधवार, २३ जानेवारी

सिनेमाचं नाव ‘जागा रिकामी आहे’. एक पदवीधर पोरगा. म्हणजे गेणू — आंबीचा, माझ्याबरोबर बी.ए. झालेला, माझ्यासारखाच धड नोकरी नसलेला. अर्ज करून करून थकतो. सगळीकडून उत्तर एकच, जागा भरलेली आहे. मग तो जागा रिकाम्या करायला लागतो. पोस्टमास्तर, तलाठी, बँकेतला कारकून, मोठा साहेब — ज्याचा त्याचा जीव त्याच्याच टेबलावरच्या सामानाने. शेवटी सगळ्या खुर्च्या रिकाम्या, पण मुलाखत घ्यायला कुणी उरलेलं नसतं. पोरगा नागफणीच्या कड्यावर जातो आणि उडी टाकतो. समाप्त.

बघणाऱ्याच्या थोबाडीत बसली पाहिजे. बाकी काही नको.

फिल्म म्हणजे मुंबईहून आलेले उरलेसुरले तुकडे. कॅमेरा एका बंगलेवाल्याचा, रतन आणि मी कामाला आहोत त्या फोटो स्टुडिओत दुरुस्तीला आलेला. तो शिमग्याला येणार. त्याआधी सिनेमा संपला पाहिजे, नाहीतर संपलाच. मंगळवारी स्टुडिओ बंद. उरले सहा मंगळवार.

शुक्रवार, २५ जानेवारी

दिवसभर नवराबायकोंचे फोटो. ब्रशने त्यांच्या गालावरचे डाग काढले. जोडपी लोणावळ्याला येतात, हसतात, जातात. मी त्यांचे डाग काढतो. बी.ए. दुसरा वर्ग!

शेवटचा प्रसंग लिहायला बसलो. जमेना.

वही, तुझ्यापाशी काय लपवायचं. गेल्या आषाढात सत्ताविसावं नकाराचं पत्र आलं, त्या दिवशी मी नागफणीवर गेलो होतो. फोटो काढायला नाही. धुक्यातून शिदूभाऊ आला, कुरवंड्याच्या वरच्या वस्तीतला, म्हशी शोधत. काही विचारलं नाही. शेजारी बसला, तंबाखू मळली, अर्धी माझ्या हातावर ठेवली. कुठला म्हणाला. वराळ्याचा म्हणालो. कुणाचा? सांगितलं. अंधारून यायला लागलं तेव्हा म्हणाला, “चल, म्हसरं उतरवू लाग. मला एकट्याला आवरंनात.”

उतरवू लागलो. तीन म्हशी होत्या, अगदी गरीब. आपल्या आपण घरी गेल्या असत्या.

हे शिदूभाऊला ठाऊक आणि मला. आईला कळलं तर ती मरेल.

मंगळवार, २९ जानेवारी

तलाठी मेला! तोही कोंडाजीआबाच, मिशा लावून. दुसरं कोण मरणार? गावात कुणी तयार नाही. अभद्र म्हणतात.

संध्याकाळच्या पॅसेंजरने आई आली. वराळ्याहून भाकऱ्या, ठेचा आणि शेंगा. थोरला शेती बघतो, मग आईला माझ्याकडे यायला फावतं. अलीकडे फारच फावतं. आठवड्याला चक्कर. खोलीत दोरीवर आबांच्या मयताचे फोटो वाळत घातलेले. मला वाटलं, आता आरडाओरडा. ती जवळ गेली. निरखून बघितलं.

म्हणाली, हे कावळ्यावाणीच हाय की.

म्हणजे काय, तर आमच्याकडची रीत. माणसाच्या डोक्यावर कावळा बसला की पाहुण्यांना खोटंच कळवायचं — अमका गेला म्हणून. पाहुणे रडत-भेकत येतात, आणि अमका ओट्यावर बसून चहा पीत असतो. आपलं माणूस खरंखुरं रडलं की घात टळतो, आयुष्य वाढतं. माझ्या आत्याच्या नवऱ्याला असं दोनदा मारलं होतं. अजून ठणठणीत आहे.

आईला कोण समजावणार की हा सामाजिक उपहास आहे. मी नुसता हसलो. खूप दिवसांनी हसलो असेन, कारण ती माझ्याकडे बघतच राहिली.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

सकाळी दार उघडलं तर बाहेर सात माणसं. मरायला आलेली!

आईने वराळ्यापासून आंबीपर्यंत बोभाटा केला आहे. बजाच्या (म्हणजे माझ्या) यंत्रात मेलं की आयुष्य वाढतं. भर म्हणून कोंडाजीआबा सगळ्यांना गुडघा दाखवत फिरताहेत. तीनदा मेल्यापासून दुखायचा थांबला म्हणे. एकाच्या राशीला साडेसाती, एकाला मुंबईच्या डॉक्टरने घाबरवलेलं. मारुती पैलवान तर नुसताच आला. लोक मरताहेत तर आपण का मागे राहायचं, एवढंच.

आणि प्रत्येकाने आपापली रडणारी माणसं आणलेली. बायका, बहिणी, एक सासू. त्याशिवाय गुण येत नाही.

मी चिडलो. ही काय जत्रा आहे? हा सिनेमा या व्यवस्थेच्या तोंडावर मारायचा आहे! रतन कॅमेरा पुसत म्हणाला की व्यवस्थेला एका आबावर किती मारशील, आज सात मिळताहेत.

मारले सातही. बँकेत दरोड्याशिवाय रक्तपात! एकाला शिक्क्याने, एकाला लाल फितीने, पैलवानाला जाडजूड रजिस्टरने. पैलवान पडला तो टेबल घेऊन पडला. बायकांनी असा काही गळा काढला की माझ्या अंगावर काटा आला. असं रडणं मी पाच वर्षं शिकवूनही कुठल्या नटीकडून निघालं नसतं. चावी संपली की सगळ्या डोळे पुसायच्या, आणि मेलेला उठून विचारायचा, कसा मेलो?

आई या सगळ्याची व्यवस्थापक. कोण कुठे बसणार, कुणी आधी हंबरडा फोडायचा, तीच ठरवते. स्वतः मात्र डोळ्यांत टिपूस नाही. कोंडाजीआबांनी छेडलं, सावित्राबाई, आमच्यासाठी दोन टिपं गाळा की.

“मी न्हाई रडायची,” आई म्हणाली. “माजं हाय राखून.”

सगळे हसले. मीही.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

आज नऊ जण. मोठ्या साहेबाच्या पार्टीत विषबाधा. सावलीत रांग, आई नंबर पुकारते. जेवणाला पिठलं. मेलेल्यांना आधी वाढलं, कारण त्यांच्यावर मुंग्या चढत होत्या.

हसून हसून पोट दुखतंय. एवढंच लिहितो.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

गेणूला नोकरी लागली!! एस.टी.त, कंडक्टर. सोमवारी हजर व्हायचंय. आमचा हिरो गेला.

जागा रिकामी आहे!

मंगळवार, १९ फेब्रुवारी

आज कुणीच मेलं नाही. रतन म्हणतो, गेणूचं सगळं झालं आहे, शेवट तेवढा राहिला. तुझी चण त्याच्यासारखीच. पाठमोरा घेतो, तू जा कड्यावर. उडी म्हणजे खालच्या टप्प्यावर पाय टाकायचा, कमरेइतकाच खाली आहे. मी खालून वर कॅमेरा लावतो.

जागा बघायला गेलो दोघं. गवत पिवळं पडलेलं, ऊन लख्ख, खाली कोकण पसरलेलं. आषाढात यातलं काही दिसत नव्हतं. शिदूभाऊ म्हशी घेऊन तिथेच. मी टप्पा बघायला पुढे वाकलो आणि सदरा मागे ताणला गेला. वळून बघितलं तर शिदूभाऊने सदऱ्याचं टोक मुठीत धरलेलं. तोंडाने रतनशी पावसापाण्याच्या गप्पा चाललेल्या, मूठ मात्र सोडली नाही. मी मागे सरकलो तेव्हाच सोडली.

मला भीती कसली वाटते ते सांगतो. पडण्याची नाही. तिथे पुन्हा उभा राहिलो आणि पुन्हा तसंच वाटलं तर?

रविवार, २४ फेब्रुवारी

आईला शेवट कळला. रतन बोलून गेला. ती आजवर कुठल्याच मरणाला नाही म्हणाली नव्हती, माणसं हौसेने मारली तिने. आज भाकरी थापताना हात थांबला.

“कड्यावर न्हाई जायाचं. मरायचं तर हितं मर, माज्या म्होरं.”

मी म्हटलं, गोष्टीत तसं आहे. ती म्हणाली, गोष्ट तूच लिवलीस ना? मग खोड आन् दुसरी लिव.

वाद घातला. कलेवर, शेवटाच्या अटळपणावर भाषण दिलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

लिहिला. आणि खरं सांगू का, पहिल्यापेक्षा झकास आहे! पोरगा कड्यावर जातच नाही. सगळे मेले, आता मोठ्या साहेबाची खुर्ची मोकळी. तो जाऊन बसतो. टेबल पुसतो. टाक सरळ करतो. पहिल्यांदाच पाय पसरतो. तेवढ्यात दार वाजतं. पुढचा उमेदवार आलेला असतो, हातात अर्ज आणि काठी. कारण रांग संपतच नाही.

रतनने वाचलं आणि मला मिठी मारली. दहा मिनिटं दोघं खोलीत नाचलो. खालचे घरमालक वर आले, त्यांनाही नाचवलं.

उमेदवार कोण? मी म्हटलं, शिदूभाऊ.

मंगळवार, ५ मार्च

शेवटचा तुकडा. दोन चाव्यांपुरतीच फिल्म उरलेली.

सगळे जमले. कोंडाजीआबा ताजा पाक घेऊन, पैलवान, सोळाच्या सोळा मेलेले आणि त्यांच्या रडणाऱ्या. गेणू रजा टाकून आला, नवी कोरी खाकी अंगावर. दारात उभा राहून सगळ्यांना तिकिटं विचारत होता.

मी खुर्चीत बसलो, कॅमेऱ्याकडे पाठ. पहिली चावी. शिदूभाऊ आत आला, अर्ज ठेवला, काठी उचलली — आणि उचललेलीच राहिली. कॅमेरा घरघरत थांबला. एक चावी फुकट!

शिदूभाऊ काठी टेकून उभा. मान खाली. म्हणाला, “माज्याच्यानं न्हाई व्हनार. ह्याला म्या न्हाई मारनार.”

सगळे समजावायला लागले. कागदाची काठी आहे, खोटं आहे, आयुष्य वाढतं. तो ऐकेना. मग आई पुढे आली. त्याच्या हातावर हात ठेवला.

“मार, शिदूभाऊ. आता त्याला काई व्हत न्हाई.”

तिने त्याला नावाने हाक मारली. माझ्याकडून तर तिच्यापुढे ते नाव कधी निघालं नव्हतं. पण विचार करायला वेळ नव्हता, रतनने चावी दिली.

काठी बसली. पाक मानेवरून सदऱ्यात ओघळला, कोमट. मी टेबलावर पडलो. आणि आई रडली.

बाकीच्या बायका थांबल्या. तिने गळा काढला नाही, हेल नाही, शब्द नाही. माझं डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि हमसून हमसून रडली. कॅमेरा थांबला ते मी ऐकलं. रतन म्हणाला झालं, संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठायला गेलो तर तिने उठू दिलं नाही. पंचवीस सेकंद कधीच होऊन गेले होते. पाच मिनिटं झाली असतील, दहाही. माझ्या कानात मुंग्या शिरत होत्या. मी मेलेलाच राहिलो.

मग तिने पदराने माझं तोंड पुसलं आणि चहा टाकायला गेली. कोंडाजीआबा म्हणाले, हिला आधी का नाही रडवलं.

सिनेमा झाला! झाला, झाला, झाला!

बुधवार, ६ मार्च

आईला स्टेशनवर सोडायला गेलो. गाडीला अवकाश होता. विचारलं, शिदूभाऊ तुझ्या कुठल्या ओळखीचा?

ती पदरावर सुकलेला पाक नखाने काढत होती. “आषाडात तू वर गेलतास, त्याच्या दुसऱ्या दिशी आलता वराळ्याला. चालत. तुजं पोरगं येकटं सोडू नगं म्हनला.”

आठ महिने! मग कावळ्याचं ते सगळं, असं काहीतरी पुटपुटलो.

“कावळ्याचं देवाला ठावं. तुज्या म्होरं रडले असते तर तुला कळलं असतं. घरात रडले असते तर थोरल्याला. मला रडायाला जागा नव्हती, बजा.”

गाडी आली. डबा माझ्या हातात देऊन ती चढली. खिडकीतून म्हणाली, पुढच्या मंगळवारी काय करायचं ते कळव, माणसं विचारतात.