आईला हवंय वर्ल्ड वॉर

खरवई, मंगळवार संध्याकाळ

जहाजावर जाताना दादा आईला म्हणाला होता, "वर्ल्ड वॉर झालं तर लगेच परत येईन." मस्करीच होती. आता त्याच्याच वाटेवर मिसाइल्स पडतायत, आणि आई मला विचारते, "हिस्टरीचा किडा आहेस ना? मग सांग, हे वर्ल्ड वॉर आहे का?"

मी लेक्चर सुरू केलं. मोठे देश समोरासमोर हवेत, लढाई बऱ्याच खंडांत पसरायला हवी, आणि नाव तर हिस्टोरियन्स नंतर देतात.

"नंतर देऊन मला काय उपयोग? तू त्याला फक्त हो कळव."

हो कळवू? ते चूक आहे ना. पण चूक नसेल तर?

शेवटी लिहिलं, "दादा, अजून वर्ल्ड वॉर नाहीये. तरी पुढच्या पोर्टला उतर आणि घरी ये."

मेसेजवर अजून एकच टिक दिसतेय.