घरातलं सुतक

मंगळवार, संध्याकाळ. दांडी.

मनोरला महामार्गावर एका गाडीत वाघाचं कातडं पकडलं. ओळख पटवायला मला बोलावलं. विदर्भातल्या वाघांचे फोटो पट्ट्यांवरून ताडून पाहणं, हेच माझं संशोधन. उजव्या कुशीवर माझ्या ओळखीच्या एका वाघिणीचा गळासारखा वाकलेला पट्टा दिसला, तरी मी पुन्हा पुन्हा फोटो लावून पाहिला. दुसरी कुणी असावी, असं वाटत होतं. दुसरी असती तर बरं वाटलं असतं का मला? पण तो गळ तिचाच. दोन पिल्लांची आई.

घरी आलो, पण देवापुढे दिवा लावायला हात उचलेना.

बायको म्हणाली, "आज दिवा नाय?"

"सुतक हाय."

"अगो बाय! कोन गेला?"

सांगितलं. वाटलं, हसेल.

"पोरां केवडी हायत?"

"शिकार येत नाय अजून."

मयताहून आल्यावर ठेवते तसं तिने आंघोळीचं पाणी तापत ठेवलं. माझ्या संशोधनातली माणसं तिकडे विदर्भात पिल्लं शोधताहेत. फोन अजून नाही.

सुतकात देवाला शिवत नाहीत, म्हणून तिनेही दारातूनच हात जोडले. "ती पोरां तरी ठेव रं देवा."