मीनेतला शनी आणि भामाची म्हैस

१४ जानेवारी २०२६, संक्रांत
आजपासून रोजनिशी. मला लिहिता येत नाही आणि वाचताही येत नाही, म्हणजे ही अगदी खासगी राहणार. सूनबाईने, क्रांतीने, मोबाईलमध्ये सोय करून दिली आहे. मी बोलायचं, तो लिहितो. ओट्यावर एकटीच बसून बोलते, ऐकणारं कुणी नाही.
कारण असं की भूकंपाचं संशोधन पक्कं होत आलंय. वाईच्या एका गुरुजींचे व्हिडिओ मी दोन वर्षं ऐकते. ते निरयन पत्रिका मांडतात, म्हणजे ग्रह आभाळात खऱ्या ताऱ्यांपाशी जिथे आहेत तिथेच धरायचे. पेपरातल्या राशीसारखं गुळमुळीत नाही. गुरुजी लग्नं जमवतात. भूकंपाकडे त्यांचं लक्ष गेलेलं नाही. ते खातं माझ्याकडे.
एवढं बोलले तर क्रांती आतून म्हणाली, आत्या, खातं राहू द्या, तीळ भाजायला या. तिचे कान फार तिखट आहेत.

१६ जानेवारी, सकाळी
पद्धत सांगून ठेवते. ओट्यावर रांगोळीने पत्रिकेची बारा घरं काढायची. नऊ ग्रहांना नऊ धान्यं. रवीला गहू, चंद्राला तांदूळ, मंगळाला तूर, बुधाला मूग, गुरूला हरभरा, शुक्राला पावटा, शनीला तीळ, राहूला उडीद, केतूला कुळीथ. मोबाईल रोज पंचांग बोलून दाखवतो, त्याप्रमाणे मी दाणे सरकवते.
सदुसष्ट साली कोयनेचा मोठा भूकंप झाला, ती पहाट क्रांतीकडून ॲपमध्ये घालून घेतली. शनी मीनेत, चंद्र मीनेत, मंगळ मकरेत. आणि आज मंगळ पुन्हा मकरेत शिरला. शनी तर गेल्या पाडव्यापासून मीनेत ठाण मांडून बसलाय. आता फक्त चंद्र तिथे यायचा. चोवीस तारखेला आलेला असेल. वार शनिवार.
अंगावर काटा आला. जरा आनंदही झाला. तो व्हायला नको होता.
गुरू जुळत नाही. रवीही जुळत नाही. पण सगळ्यांचं जुळतंय असं घर तरी कुठे असतं?

१६ जानेवारी, जेवणानंतर
घरात सांगितलं. लालासाहेब, माझा मुलगा, फौजेतून सुभेदार होऊन आलेला. म्हणाला, आई, धरणावर एवढी मशिनं लावून सायबांना तारीख सांगता येईना, आन् तू कडधान्यावर सांगतीस व्हय? क्रांतीने तोंडाला पदर लावला. पुन्हा ह्यांना काही सांगायचं नाही असा संकल्प केला.

१८ जानेवारी
भामाला सांगितलं.
भामा शेजारची. आम्ही दोघी ह्या वाडीत एकाच उन्हाळ्यात नवऱ्या होऊन आलो. तिचं माहेर धरणाच्या अंगाला. सदुसष्टला ती लहान होती. भिंत पडली, त्यातून ती निघाली, थोरली बहीण निघाली नाही. अजून भामा दाराला कडी न लावता झोपते. हे मला ठाऊक होतं. तरी सांगितलं.
ती मध्ये एकदाही हसली नाही. डोळे मोठे करून ऐकत राहिली. तसं कुणी ऐकलं की मला बरं वाटतं.
हे शेवटचं वाक्य पुसता येतं का, विचारलं पाहिजे.

२० जानेवारी
भामा सांगलीला गेली. तिचा मुलगा कुणाल तिथे राहतो, तोच गाडी घेऊन आला होता. त्याने माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी मी गाडीच्या टायरात खिळा ठेवलाय. जाताना भामाने चंद्रीचं दावं माझ्या हातात दिलं. चंद्री म्हणजे तिची म्हैस. लेकीसारखी वाढवलेली. म्हणाली, बोलत बोलत धार काढ गं, तिला गप्प मानूस चालत न्हाई.
त्या बाबतीत चंद्रीचं नशीब थोर.
एक जीव वाचवला. आज झोप छान लागणार.

२४ जानेवारी, शनिवार, सकाळी
तयार. दागिने पोटाशी. चूल विझवली. क्रांती गॅसवर चहा करतेय, करू दे.

२४ जानेवारी, संध्याकाळी
काही नाही. फक्त लालासाहेब शिंकला तेव्हा मी अंगणात पळाले. त्याने अजून तो विषय सोडलेला नाही.

२५ जानेवारी
चूक सापडली. माझी नाही. ओट्यावर केतू नाही. कोंबडी पत्रिकेत फिरताना मी स्वतः पाहिली होती. शनी मेषेत सापडला, तोही मुंगीच्या तोंडात. अशा पत्रिकेवर कोण भविष्य सांगेल? पद्धत शाबूत आहे, राखण कमी पडली. आता वर पाटी उपडी घालून ठेवणार.
भामाचा फोन आला. झाला का, म्हणाली. नाही झाला, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, टळला न्हाई, पुढं गेलाय, एकवीस फेब्रुवारी. चंद्र पुन्हा मीनेत त्याच दिवशी, मंगळ अजून मकरेत आणि वारही शनिवार. म्हणजे अगदीच थाप नाही.
बरं, तोवर तिथंच ऱ्हाते, म्हणाली. आवाज बारीक झाला होता. रात्र झाली तरी डोळा लागत नाही. संक्रांतीच्या तिळाचं असेल.

२ फेब्रुवारी
चंद्री पान्हा घालत नाही. रेडकू सोडलं तर त्याच्यापुरतं देते. मी हात लावला की वर ओढून घेते. बोलले, गाणं म्हटलं, सगळ्या वाडीच्या चहाड्या सांगितल्या. ढिम्म.

५ फेब्रुवारी
भामाचं जुनं लुगडं नेसून धारेला बसले. जनावर वासावर फसतं, सगळेच असं करतात. चंद्रीने लुगडं हुंगलं, मग माझं तोंड हुंगलं, आणि बादली लाथेने पार उकिरड्यापर्यंत पाठवली. लुगडं फाटलं. निऱ्यांत लपेल असं शिवून ठेवीन.

९ फेब्रुवारी
चंद्री वैरणीला जेमतेम तोंड लावते. सांगलीच्या रस्त्याकडे बघत उभी असते. आनंदाची गोष्ट, म्हणजे संशोधनाच्या दृष्टीने. जनावरांना भूकंप आधी कळतो, हे टीव्हीवरसुद्धा सांगतात. पत्रिका आणि म्हैस, दोन पुरावे झाले.
जनावरांचा डॉक्टर येऊन गेला. त्याने तपासलं, आणि एवढंच विचारलं की मालकीण कुठं असते. मी म्हटलं, ते महत्त्वाचं नाही. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. तरुण पोरांना अजून अनुभव नसतो.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र
उपास. भामाला फोन केला. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. खालून ट्रक गेला की खिडकीच्या काचा वाजतात आणि ती जिन्याने खाली पळते. परवा दोनदा पळाली. तिची सून सांगते, आई, ट्रक आहे. तिला ते पटत नाही. गुडघे सुजलेत. दाराजवळ चटई टाकून झोपते.
मग तिने चंद्रीचं विचारलं. मी म्हटलं, चांगली हाय, लय खाती.
शंकराला सांगितलं की हे उपासात धरू नको.

२१ फेब्रुवारी, शनिवार, अंधार पडल्यावर
नाही.

२२ फेब्रुवारी
विचार केला. गुरूने अडवलं. सदुसष्टला तो मिथुनेत नव्हता, आता आहे. हे मला आधीपासून ठाऊक होतं, म्हणजे एका अर्थी न होणं हेही माझ्याच पत्रिकेत होतं.
भामाला हेच सांगणार, आणि घरी ये म्हणणार. फोन लावला. कुणालने उचलला. म्हणाला, मावशी, आता नवी तारीख देऊ नका, आईला घाबरवू नका. आणि म्हैस तुम्हाला जड होत असेल तर पाडव्यानंतर कऱ्हाडचं गिऱ्हाईक येतंय, घरालाही कुलूप घालून टाकू, आई आता इथंच.
मी म्हटलं, रेंज नाही. रेंज चांगली होती.

२७ फेब्रुवारी
संकल्प. उद्या भामाला खरं सांगायचं. मला भूकंपातलं काही कळत नाही, असं सरळ.

२८ फेब्रुवारी
घसा बसलाय.

१ मार्च
घसा सुटला. मोबाईल चार्ज नव्हता.

२ मार्च, होळी
सणासुदीला असं कुणी बोलतं का?

६ मार्च
भूकंप झाला.
पत्रिकेत काही नव्हतं. मंगळ मकर सोडून गेलेला, चंद्र मीनेपासून लांब, साधा शुक्रवार. जेवून ओट्यावर डुलकी लागली होती. खांब हलला तेव्हा वाटलं चंद्री अंग घासतेय, तिला शिवी घातली आणि कूस बदलली. मग क्रांती बाहेर आली, म्हणाली, आत्या, मांडणीवरचे तांबे पडले, तुम्ही झोपलाय काय. लहानच होता, आपल्याकडे होतात तसला. वाडीत कुणालाच काही झालं नाही.
चंद्रीकडे बघितलं. ती रवंथ करत होती.
म्हणजे म्हशीला भूकंपातलं काही कळत नाही. मग महिनाभर ती नीट का खात नाही? ह्याचं उत्तर मला द्यायचं नाही.

६ मार्च, दिवेलागणीला
आता उलट सोपं झालं. झाला तो झाला, आता धोका सरला, ये घरी, असं सांगून टाकू. थोडी तारीख चुकली, पण माल तोच.

७ मार्च
सांगितलं. भामाने कधी, किती वाजता, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, म्हंजे तुझं खरं झालं की गं राही. आता मी त्या घरात पाय ठेवत न्हाई. चंद्रीला चांगल्या घरी जाऊ दे.
दोन वर्षं मी वाट पाहिली, कुणीतरी म्हणावं की राही, तुझं खरं झालं. म्हटलं. जेवण गेलं नाही.

१५ मार्च
चंद्रीची हाडं दिसतात. आज तिच्यापाशी बसून तिला सगळं सांगितलं. की मी भामाला घाबरवलं ते भूकंपासाठी नाही, माझं कुणीतरी ऐकावं म्हणून. की तिची दुखरी जागा मला माहीत होती आणि मी नेमकं तिथंच बोट ठेवलं. की वासरासारखी ती गेली आणि मी दावं हातात घेऊन वर तोंड करून हसले. मग तेच इथे मोबाईलमध्येही बोलले, ओट्यावर बसून, हळू आवाजात. हलकं काही वाटलं नाही.
क्रांती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, आत्या, उद्याचा दिवस जाऊ द्या, परवा सकाळी कऱ्हाडला एस्टी हाय. तिथनं सांगलीची मिळती. मी येते बरोबर.
म्हणजे पहिल्या दिवसापासून ऐकतेय. सगळी आळी ऐकत असणार. मी लाजायचंही विसरले.

१७ मार्च, सांगली
कुणालने दार उघडलं. चहा दिला, पण बिस्किटं दिली नाहीत. बरोबरच आहे.
भामा चटईवर, दाराशी. चेहरा उतरलेला. मी नऊ दाणे पुडीत बांधून नेले होते, ते तिच्यापुढे ओतले. म्हटलं, ह्यो बघ माझा सगळा शोध. एक कोंबडीनं खाल्ला, त्याच्या जागी दुसरा घातला, आभाळात कुणाला पत्तासुद्धा लागला न्हाई. मला काय कळत न्हाई, भामे. सहा तारखेचा झाला तवा मी घोरत होते. तुला उगाच पळवलं.
कुणाल स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. क्रांती जमिनीकडे बघत होती.
भामाने दाणे बोटाने सारखे केले. म्हणाली, तुझं कधी काय खरं झालंय? माझ्या धाकटीच्या वेळी पोरगा म्हणालीस, पेढं सांगून बसले होते मी.
मी म्हटलं, मग गेलीस कशाला?
म्हणाली, भ्या माझंच हुतं. रोजचं. तू त्याला तारीख दिलीस, एवढंच.
मला रडू आलं. तिला नाही आलं. ती म्हणाली, चंद्री दूध देती का, खरं सांग.
न्हाई, म्हटलं. खातबी न्हाई. तुझं लुगडं फाडलं तिनं.
भामा उठली, गुडघ्याला हात लावून. कुणाल म्हणाला, आई, अगं पण... ती म्हणाली, इथं ट्रक हायेत, तिथं भूकंप हाय, तिथं निदान म्हस तरी हाय. पिशवी भर.

१९ मार्च, पाडवा
काल संध्याकाळी पोचलो. चंद्रीने लांबूनच ओळखलं, दावं तोडायला आली. भामा तिच्या गळ्यात पडली. मी मध्ये नको म्हणून गुढीची काठी पुसत बसले. पहिल्या धारेला कपभर दूध. भामा म्हणाली, वाढंल.
ती रात्री तिच्या घरी झोपली. कडी न लावता. मी तिच्या ओट्यावर. बोलावलं नव्हतं.
कुणालचा फोन आला. कऱ्हाडच्या गिऱ्हाइकाला त्याने नको सांगितलं. माझ्याशी बोलला नाही, क्रांतीला सांगितलं.
आज नव्या वर्षाचं पंचांग ऐकायचं असतं. मोबाईल बोलायला लागला, मी बंद केला. मग वाटलं, शनी कुठवर आला तेवढं बघावं. संशोधन म्हणून नव्हे, सवय म्हणून. निघताना भामाने दाणे पुन्हा पुडीत बांधले होते, ती पुडी सापडेना.

२० मार्च
भामाने मटकीची उसळ केली होती, आमच्या घरी वाटी आणली. झणझणीत. मी पुडीचं विचारलं. ती म्हणाली, त्यातच टाकलीय, आता खा गप.
मुकाट्याने खाल्ली. एक दाणा कच्चा राहिला होता, दाताखाली कचकन आला. कुठला ग्रह होता, मला काही ओळखता आलं नाही.